मोबाइल पूर्णपणे सोडायचा तर आधी काय काय सोडवावं लागेल?

पाऊलवाट
स्मार्टफोन टाकून बटणांचा फोन घेण्यावर इथे भरपूर चर्चा झाली आहे. हा धागा त्याच्या पुढचा आहे. कुठलाच मोबाइल नको. घरात लँडलाइन, फार तर एक संगणक, आणि बाहेर पडताना खिशात काहीही नाही. असं आज महाराष्ट्रात राहता येतं का?

उदाहरणादाखल नाशिक-सांगली-अकोल्यासारखं शहर धरा. माणूस निवृत्त, पेन्शन बँकेत, रेशनकार्ड आहे, वर्षातून दोनदा रेल्वेप्रवास. बोलणं आणि निरोप यांची काळजी नाही, ते लँडलाइनवर आणि पत्रावर भागतं. घोडं अडतं ते ओटीपीपाशी. "मोबाइल हे व्यसन आहे" वगैरे सगळ्यांना मान्य आहे असं धरून चला. नेमकं काय बंद पडतं, त्याला पर्याय काय आणि कोणत्या क्रमाने करायचं, एवढंच लिहा.

बँककारकून
बँकेपासूनच सुरुवात करायला हवी, कारण बाकी सगळं त्यावर टांगलेलं आहे.

खात्याला मोबाइल नंबर नसला म्हणून खातं बंद होत नाही. पण रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती यावरचं. त्यात असं आहे की ग्राहकाने नंबर दिला नाही, तर एटीएममधून रोख काढणं सोडून बाकी इलेक्ट्रॉनिक व्यवहारांची सोय बँकेने देऊ नये. म्हणजे यूपीआय, नेटबँकिंग, ऑनलाइन खरेदी यांवर पाणी सोडायचं. त्याबद्दल शाखेत वाद घालण्यात अर्थ नाही, नियमच तसा आहे.

उरतं ते असं: पासबुक, पैसे काढायची स्लिप, चेक आणि शाखेतून फॉर्म भरून केलेलं एनईएफटी-आरटीजीएस, म्हणजे दुसऱ्या खात्यात पैसे पाठवणं. शाखेतल्या एनईएफटीला शुल्क पडतं, पण ते किरकोळ. कमाल दर दहा हजारांपर्यंत २.५० रुपये, एक लाखापर्यंत ५, दोन लाखांपर्यंत १५ आणि त्यावर २५, अधिक जीएसटी. आरटीजीएस दोन लाखांपासून पुढे. फॉर्मवर सगळ्यात जास्त चुका आयएफएससीत, म्हणजे शाखेच्या सांकेतिक क्रमांकात होतात. अकरा अक्षरं, पहिली चार बँकेची, पाचवं नेहमी शून्य. तिथे लोक इंग्रजी ओ काढतात आणि फॉर्म परत येतो.

चेक तीन महिनेच चालतो. पन्नास हजार आणि त्यावरच्या चेकला 'पॉझिटिव्ह पे' आहे: चेक दिल्यावर तारीख, नाव, रक्कम बँकेला आधी कळवायची. ते ॲपवरूनच होतं असा समज आहे. शाखेत कागदी फॉर्मवरही देता येतं. पाच लाखांच्या वर बऱ्याच बँका ते सक्तीचं धरतात आणि कळवलं नसेल तर चेक परत करतात.

चौकस
मग कार्ड घासून दुकानात पैसे देता येणार नाहीत का? मशिनवर तर ओटीपी लागत नाही, पिन लागतो.

बँककारकून
चौकस, मशिनला ओटीपी लागत नाही हे बरोबर. पण वरच्या नियमामुळे नंबर नसलेल्या खात्यावर बँक ते कार्ड फक्त एटीएमपुरतं ठेवू शकते. बँकेगणिक फरक आहे, कार्ड घेण्याआधी शाखेत विचारा. आणखी दोन अडचणी. नव्या कार्डाचा पिन आता बहुतेक ठिकाणी मोबाइलवर ओटीपी घेऊन तयार करतात. लिफाफ्यातून कागदी पिन मिळतो का, हे अर्ज करतानाच विचारून घ्या, कार्ड हातात पडल्यावर नाही. दुसरं, स्टेट बँकेच्या एटीएममधून त्यांच्याच कार्डावर दहा हजार किंवा जास्त काढायचे तर नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. म्हणून एका वेळी साडेनऊ हजार काढायचे. मात्र आपल्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाचच व्यवहार फुकट असतात, पुढे प्रत्येकी २३ रुपयांपर्यंत शुल्क. मोठी रक्कम स्लिपवरच काढावी.

तांबडी_माती
गावाकडे बँकमित्र किंवा पोस्टमन अंगठ्यावर पैसे देतात, ते का कोणी लिहिलं नाही? आधारवर चालतं, ओटीपी नाही, कार्ड नाही. एका वेळी दहा हजारांपर्यंत.

बँककारकून
चालतं, आणि ज्याला शाखा लांब पडते त्याला तोच आधार. पण मोबाइल नसलेल्या माणसाला त्यात एक मोठा धोका आहे. तुमच्या अंगठ्यावर कोणी पैसे काढले तर मेसेज येणार नाही, तुम्हाला महिनाभर पत्ता लागणार नाही. त्याच परिपत्रकात आहे की चूक ना बँकेची ना तुमची असेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर काही जबाबदारी नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत तुमचा वाटा. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. म्हणून खात्याला ईमेल नोंदवा आणि पासबुक दर आठवड्याला भरून घ्या. अंगठा लावल्यावर मशिनमधून निघालेली पावती मागा. "व्यवहार फेल झाला, परत लावा" असं सांगितलं तर फेल झाल्याची पावती घेतल्याशिवाय दुसऱ्यांदा बोट ठेवू नका.

ऋजुता
यावर उपाय म्हणून काही जण आधारचं बायोमेट्रिक लॉक करा असं सांगतात. ते करण्याआधी हे लक्षात घ्या की लॉक केलं की रेशन दुकानातल्या मशिनवरही अंगठा चालत नाही. तिथे दर महिन्याला धान्य अडकतं. त्यापेक्षा पेन्शनच्या खात्यावरून अंगठ्याने पैसे निघू नयेत असा लेखी अर्ज शाखेत द्यावा आणि पोच घ्यावी.

रेशनचं म्हणाल तर म्हाताऱ्या आणि शेतात राबणाऱ्या माणसांच्या बोटांच्या रेषा झिजतात, मशीन घेत नाही. बोट पुसून कोरडं करून दुसरं बोट लावून बघायचं. जमलं नाही तर डोळ्याचं स्कॅनर ठेवलेलं असतं त्यावर घ्यायला सांगायचं. नेहमीच होत असेल तर आधार केंद्रावर बायोमेट्रिक नव्याने घ्या, १२५ रुपये पडतात.

निवृत्त_तारवाला
लँडलाइनबद्दल कोणी बोलत नाही, सगळे बँकेतच अडकलेत.

जुनी तांब्याची जोडी आणि आताची फायबरची लाइन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट डीसी यायचे. घरात वीज नसली तरी फोन चालायचा, कारण बॅटरी एक्स्चेंजमध्ये होती. फायबरवर आवाज येतो तो घरातल्या मोडेममधून. वीज गेली, मोडेम बंद, फोन मुका. मोबाइल नसलेल्या घरात हे चालणार नाही. रात्री-बेरात्री १०८ किंवा ११२ लावायची वेळ आली आणि त्याच वेळी वीज नसली तर काय करणार?

दुसरं, जुना चकतीचा फोन मोडेमला लावला तर घंटी वाजते, बोलता येतं, पण नंबर फिरवता येत नाही. तो पल्स पाठवतो आणि बहुतेक मोडेमना फक्त टोन कळतो. बटणांच्या फोनखाली पी-टी (पल्स-टोन) असा लहान खटका असतो, तो टीवर हवा. पीवर राहिला तर "मराठीसाठी एक दाबा" म्हटल्यावर कितीही दाबा, पलीकडे काही पोचत नाही. निम्म्या तक्रारी या खटक्याच्या असतात.

आणि घरभर जुनं वायरिंग असेल तर मोडेमचा फोन-पोर्ट त्यात जोडण्याआधी बाहेरून आलेली जुनी जोडी डबीतून सोडवा. ती तशीच राहिली तर डायलटोन येत नाही, कधी पोर्टच जातो. एका पोर्टवर दोन-तीन उपकरणांपेक्षा जास्त लावू नयेत. घंटी दुबळी होते.

कळफलक
तारवाले काका, तुमच्या वीज जाण्यावर: मोडेमसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो. घेताना डब्यावरचा आकडा बघून फसू नका. "७८०० एमएएच" लिहिलेलं असतं ते ३.७ व्होल्टला. ३.७ ने गुणलं की सुमारे २९ वॉट-तास. त्यातले पंधरा टक्के रूपांतरात जातात, उरले साडेचोवीस. मोडेम ८ वॉट खात असेल तर तीन तास. वायफाय बंद ठेवलं तर आणखी थोडा वेळ. ग्रामीण भागात सहा-सहा तास भारनियमन असेल तर हा पुरत नाही, घरच्या इन्व्हर्टरवर त्या सॉकेटची लाइन घ्या.

पिन तपासा. बाहेरचा व्यास ५.५ मिमी सारखाच असतो, आतला २.१ किंवा २.५. अडीचच्या मोडेमला २.१ ची पिन आत जात नाही. उलट केलं तर जाते पण सैल बसते, आणि वायर हलली की मोडेम बंद-चालू होतो. अडॅप्टरवर १२ व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते बघून तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा यूपीएस घ्या. व्होल्ट मात्र तेवढेच हवेत.

आणि निदान एक फोन वायरचा ठेवा. कॉर्डलेसच्या बैठकीलाही वीज लागते, हे लोक विसरतात.

टिंबटिंब
लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य! १५ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. फोनशेजारच्या वहीत सगळे मोबाइल नंबर शून्यासकट लिहून ठेवा, नाहीतर पाहुणे येऊन "तुमचा फोन बिघडलाय" असं जाहीर करून जातात. :)

निवृत्त_तारवाला
टिंबटिंब, अगदी. त्याच वहीच्या पुठ्ठ्यावर घराचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण दोन ओळींत ठळक लिहा. रुग्णवाहिकेला पत्ता नीट सांगता आला पाहिजे, आणि घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा पत्ताही सुचत नाही.

अबोली
एक विचारते. या सगळ्यात शेवटी "घरातल्या कोणाचा तरी नंबर द्या" हेच उत्तर येणार ना? आधारला मुलाचा, बँकेला सुनेचा, गॅसला शेजाऱ्याचा. मग याला मोबाइलशिवाय राहणं का म्हणायचं?

चौकस
अबोली, व्यवहार म्हणून बघा ना. एकाच मोबाइल नंबरवर कितीही आधार जोडता येतात, आधार देणाऱ्या यूआयडीएआयने त्यावर मर्यादा घातलेली नाही. घरात एक जबाबदार माणूस असेल तर सगळे प्रश्न मिटले.

अबोली
प्रश्न मिटत नाहीत, दुसऱ्याच्या हातात जातात. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत काय झालं ते बघा. महिलेच्या आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी, मग पती किंवा वडिलांच्या आधारवर ओटीपी. ज्या बाईच्या आधारला नवऱ्याचा किंवा दिराचा नंबर आहे, तिचा अर्ज त्या फोनच्या मालकाच्या मर्जीवर. तो माणूस पुण्याला कामाला असेल तर ती त्याच्या सुट्टीची वाट बघते. आणि ओटीपी दहा मिनिटांत मरतो. स्वतःच्या पैशाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवून कोणी मोकळं होत नाही. विधवा बायका आणि एकट्या म्हाताऱ्यांच्या बाबतीत हा साधा सोयीचा प्रश्न नाही.

बँककारकून
अबोली यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, शाखेच्या खिडकीवर हे रोज दिसतं. म्हणून दुसऱ्याचा नंबर द्यायचाच असेल तर खाती दोन ठेवा.

पेन्शन आणि ठेवी एका खात्यात. त्याला कार्ड नाही, नेटबँकिंग नाही, अंगठ्याचे व्यवहार बंद, नंबर नाही. पैसे फक्त सहीने निघतील. दुसरं छोटं खातं, त्यात दहा-पंधरा हजार, त्याला घरच्या माणसाचा नंबर, कार्ड, फास्टॅग, ऑनलाइन वीजबिल, जे काय लागेल ते. दर महिन्याला पहिल्यातून दुसऱ्यात चेकने भरणा. नंबरवाल्या माणसाची नियत बिघडली किंवा त्याचा फोन चोरीला गेला, तरी जाऊन जाऊन दहा-पंधरा हजार जातील. संयुक्त खातं करून "दोघांपैकी कोणीही" असं लिहून देण्याआधी मात्र दहा वेळा विचार करा. तिथे दुसऱ्याला तुमच्याइतकाच अधिकार मिळतो.

राईनकाठ
जर्मनीतून लिहितोय. इथे हा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या सुटलेला आहे हे सांगावंसं वाटतं. बऱ्याच बँका, विशेषतः 'श्पारकासे' या बचत बँका, चिपटॅन नावाची पद्धत देतात. कॅल्क्युलेटरएवढं यंत्र, त्यात आपलं बँक कार्ड खुपसायचं, संगणकाच्या पडद्यावरचं चित्र त्याच्या कॅमेऱ्यासमोर धरायचं. यंत्र रक्कम आणि खाते क्रमांक दाखवतं, ते तपासून बटण दाबलं की एक आकडा येतो, तो संगणकात टाकायचा. यंत्र इंटरनेटला जोडलेलं नसतं, त्यात सिम नसतं, ते चोरीला गेलं तरी कार्डाशिवाय निरुपयोगी. म्हणजे "सुरक्षेसाठी मोबाइल लागतोच" हे खरं नाही. भारतीय बँकांनी एसएमएस निवडला कारण तो स्वस्त आणि सगळ्यांकडे होता.

कळफलक
राईनकाठ, फार महत्त्वाचं लिहिलंत. रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०२५ चे नवे निर्देश आहेत, १ एप्रिल २०२६ पासून लागू. दोन घटकांची पडताळणी हवी, पण दुसरा घटक एसएमएसच असावा अशी सक्ती त्यात नाही. दार उघडं आहे. ग्राहकांनी शाखेत लेखी मागणी केली तर यंत्र देण्याचा विचार कोणी तरी करेल. ज्येष्ठ नागरिक संघांनी हे हाती घ्यावं असं मनापासून वाटतं.

तोवर बँक सोडून बाकी ऑनलाइन गोष्टींसाठी: ओटीपी बनवायला फोन लागत नाही. कीपासएक्ससी नावाचा मोफत प्रोग्राम संगणकावर तेच करतो. सेवेच्या सुरक्षा विभागात 'ऑथेंटिकेटर ॲप' निवडा. क्यूआर दाखवेल, त्याखाली "स्कॅन करता येत नाही" अशी ओळ असते ती दाबा. अक्षर-अंकांची लांब किल्ली दिसते. ती कीपासएक्ससीत त्या नोंदीच्या 'टीओटीपी' रकान्यात चिकटवा. दर ३० सेकंदांनी सहा अंक बदलतात. अंक बरोबर असूनही "चुकीचा कोड" येत असेल तर संगणकाचं घड्याळ मागेपुढे आहे. वेळ आपोआप जुळवण्याचा पर्याय चालू करा. जुन्या संगणकात मदरबोर्डवरची सीआर२०३२ बटणबॅटरी संपली की हे वारंवार होतं, ती बदलायची.

कीपासएक्ससीच्या फाइलची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर, आणि गूगल देतं ते दहा राखीव कोड कागदावर छापून. प्रत्येक कोड एकदाच चालतो, वापरला की खोडा.

गाडीवाट
प्रवास.

एसटीला काहीच अडत नाही. ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत, त्यासाठी आधार कार्ड हातात हवं, महिलांना अर्धं तिकीट, ओटीपी कशालाच नाही.

रेल्वेचं आरक्षण खिडकीवर फॉर्म भरून होतं. एका फॉर्मवर सहा प्रवासी. ६० दिवस आधी सुरू होतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून, आधी १२० होते, अजून काही लोक त्याच हिशोबाने जातात). फॉर्मवरच्या मोबाइलच्या रकान्यात घरच्याचा नंबर लिहिला तर गाडी रद्द झाल्याचा मेसेज निदान कोणाला तरी मिळेल. वेटिंग असेल तर लँडलाइनवरून १३९ लावा, तिकिटाच्या डाव्या कोपऱ्यातला दहा आकडी पीएनआर टाका. पण वरचा पी-टी खटका! खिडकीचं तिकीट हरवू नका. ऑनलाइन तिकिटासारखं ते फोनवर दाखवून चालत नाही, मूळ कागदच लागतो.

तत्काळ मात्र विसरा. २०२५ च्या नियमाने खिडकीवरच्या तत्काळलाही मोबाइलवर ओटीपी येतो. ज्याच्या हातात तो फोन आहे त्याला सोबत घेऊन रांगेत उभं राहणं हाच मार्ग.

तांबडी_माती
गाडीवाट, रस्त्याने जाणाऱ्यांसाठी भर. नकाशाचं ॲप नसलं तरी मैलाचे दगड बोलतात. वरचा भाग पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग, केशरी म्हणजे प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता. हिरवा जाऊन केशरी दिसायला लागला की आपण हमरस्ता सोडून गावात शिरलो हे समजायचं.

फास्टॅगला मात्र नंबर लागतोच. तो बँककारकुनांच्या छोट्या खात्याला जोडा. १५ नोव्हेंबर २०२५ च्या नियमाने टॅग नसेल तर राष्ट्रीय महामार्गावर रोखीने दुप्पट टोल ठेवला, आणि यूपीआयने सव्वापट. म्हणजे त्या नियमात मोबाइल नसलेल्यावर दुप्पटच.

टिंबटिंब
अवांतर: कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावला संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. २०२२ पासून चालू केलंय. पूर्ण सोडणं ज्यांना जमत नाही त्यांनी तिथून सुरुवात करावी.

पाऊलवाट
टिंबटिंब, उपक्रम छान आहे, पण धागा पूर्ण सोडण्याचा आहे. पेन्शन, वीज, गॅस, आयकर राहिलं. कोणी लिहील का?

ऋजुता
पेन्शन: हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो म्हणून कागदी दाखला बंद झाला असं अनेकांना वाटतं. झालेला नाही. राज्य शासनाच्या पेन्शनरांसाठी कोषागाराची यादी नोव्हेंबरमध्ये बँकेत येते, आपल्या नावापुढे सही किंवा अंगठा. केंद्राच्या ८० वर्षांवरील पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. सही केल्यावर त्या पानाची तारीख स्वतःच्या वहीत टिपा. नाव यादीतून सुटलं असेल तर तिथेच लेखी द्या, डिसेंबरमध्ये पैसे थांबल्यावर धावपळ नको.

वीज: महावितरणचं कागदी बिल येतच राहतं. तक्रार लँडलाइनवरून १९१२, बारा आकडी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा. घरगुती बिल रोखीने महिन्याला पाच हजारांपर्यंतच, त्यावर चेक.

गॅस: एजन्सीत पुस्तक घेऊन जाऊन नोंदणी होते. अडचण घरपोच देताना येते, कारण डिलिव्हरीचा कोड नोंदलेल्या मोबाइलवर जातो. तो नंबर दिवसा घरी किंवा लँडलाइनवर सापडणाऱ्या माणसाचा हवा, परगावच्या मुलाचा नको.

आयकर: ८० पूर्ण झालेल्यांना साधं विवरणपत्र कागदावर भरता येतं. ७५ च्या पुढच्यांचं उत्पन्न फक्त पेन्शन आणि त्याच बँकेतलं व्याज असेल, तर बँकेला घोषणापत्र द्यायचं. बँकच कर कापते, विवरणपत्र भरावं लागत नाही. त्याखालच्या वयाला सीएकडून भरून घेणं बरं.

चौकस
आणि सुटे! भाजीवाला, रिक्षावाला सगळे स्कॅनरवर गेलेत, शंभरची नोट काढली की तोंड वाकडं करतात. बँकेतून पैसे काढताना दहा-वीसच्या नोटा आणि नाणी मागून घ्या. दहाच्या नाण्याची सगळी रूपं चालू आहेत, रुपयाचं चिन्ह असो वा नसो. दुकानदार नको म्हणाला तर तो चुकतोय.

पाऊलवाट
सगळ्यांचे आभार. आता मूळ प्रश्नाचा राहिलेला भाग: क्रम. समजा हे सगळं मान्य आहे. चालू नंबर कधी आणि कसा बंद करायचा?

बँककारकून
सगळ्यात शेवटी. लोक हेच उलटं करतात, आधी सिम बंद आणि मग धावपळ. बंद झालेला नंबर ९० दिवस कोणाला दिला जात नाही, त्यानंतर तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. तुमच्या आधारला, बँकेला तोच नंबर राहिला असेल तर तुमचे ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे.

आधी आधार. नंबर केंद्रावर जाऊन बदलून घ्यायचा, ७५ रुपये. मग बँक, पोस्ट, पीएफ, पॅन आणि आयकराचं खातं, विमा, म्युच्युअल फंड, शेअर असतील तर डिमॅट, गॅस, रेशन, वाहनाची आरटीओतली नोंद, फास्टॅग. ई-चलान त्या आरटीओच्या नंबरवर जातात, हे हमखास राहतं. जिथे ऑनलाइन बदल होतो तिथे जुन्या नंबरवरही ओटीपी मागतात. म्हणून जुनं सिम चालू असतानाच हे उरकायला हवं.

चौकस
प्रीपेड सिममध्ये वीस रुपये ठेवले की नंबर राहतो ना? ९० दिवस वापर नसला तरी वीस रुपये कापून ३० दिवस वाढतात. मग रिचार्ज कशाला?

कळफलक
चौकस, नंबर तुमच्या नावावर राहतो हे खरं. पण रिचार्जची मुदत संपली की कंपन्या इनकमिंग थांबवतात, मेसेजही येत नाहीत. आणि इथे मेसेज येणंच महत्त्वाचं आहे. सगळीकडे नंबर बदलून झाल्यावर सिम एका जुन्या फोनमध्ये घालून कपाटात ठेवा. महिन्यातून दोनदा चार्ज करून कोणाकोणाचे मेसेज आले ते वहीत लिहा. ज्याचा मेसेज आला त्याच्याकडे तुमचा जुना नंबर अजून आहे. विम्याचा हप्ता, मुदत ठेवीचं नूतनीकरण, मालमत्ता कर हे वर्षातून एकदाच बोलतात, म्हणून वर्षभर चालवा. फक्त बोलणं आणि एसएमएसचे, डेटा नसलेले पॅक दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या नियमामुळे आता मिळतात, ३६५ दिवसांपर्यंतचे. तो एक घ्या.

पाऊलवाट
आणि वर्षानंतर?

कळफलक
शेवटचे तीन महिने वहीत जाहिरातींशिवाय काही आलं नसेल तर कंपनीच्या दुकानात ओळखपत्र घेऊन जा, लेखी अर्ज देऊन नंबर बंद करा, पोच घ्या. पोस्टपेड असेल तर अनामत रक्कम परत मागायला विसरू नका. ती चेकने किंवा खात्यात येते, अर्जावर खाते क्रमांक लिहा. पोचपावती पासबुकाच्या पिशवीत ठेवा. पुढे त्या नंबरवरून काही भानगड झाली तर तो त्या तारखेनंतर तुमचा नव्हता याचा तोच पुरावा.

निवृत्त_तारवाला
आणि ते सिम कापताना आधी त्यातले साठवलेले नंबर वहीत उतरवून घ्या. शून्य लावून.